यादीत न बसणारी क्षमता : कॅनडातले फॅमिली डॉक्टर आणि वाढीव प्रमाणपत्रं

आजचा विषय 'क्षमता' हा शब्द. तो आम्ही मुद्दाम एका ठोस ठिकाणाहून उचलणार आहोत : कॅनडातलं फॅमिली डॉक्टरांचं प्रशिक्षण. आमच्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पीएच.डी.चं, ताप आला की आम्हीही दुसऱ्या डॉक्टरकडेच जातो. तेव्हा औषधोपचारांवर आम्ही बोलणार नाही. बोलणार आहोत ते एका संकल्पनेवर आणि त्या संकल्पनेने माणसांचं काय केलं यावर.

आधी वस्तुस्थिती. कॅनडात वैद्यकीय पदवी घेतल्यावर फॅमिली मेडिसिनचं निवासी प्रशिक्षण दोन वर्षांचं असतं. त्याचे निकष ठरवणं आणि शेवटी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणं हे काम 'कॉलेज ऑफ फॅमिली फिजिशियन्स ऑफ कॅनडा' ही संस्था करते. ही संस्था 1954 साली जनरल प्रॅक्टिशनरांची म्हणून सुरू झाली. 2011 मध्ये तिने नवा अभ्यासक्रम आणला, त्याचं नाव 'ट्रिपल सी'. तीन 'सी' म्हणजे सर्वसमावेशक उपचार, सातत्य, आणि शिक्षणाचं केंद्र खुद्द फॅमिली मेडिसिनमध्येच असणं. आणि या सगळ्याची बैठक क्षमताधिष्ठित. म्हणजे काय, तर अमुक वॉर्डात तमुक महिने काढले म्हणून तुम्ही तयार झालात असं आम्ही मानणार नाही. तुम्हाला काय करता येतं ते दाखवा. प्रशिक्षण संपवून बाहेर पडलेला डॉक्टर देशातल्या कुठल्याही वस्तीत जाऊन सर्वसमावेशक काम सुरू करू शकला पाहिजे, हे उद्दिष्ट.

उद्दिष्ट उत्तम आहे. पण झालं काय, तर दोन वर्षं पुरी करणाऱ्यांपैकी बरेच जण लगेच काम सुरू करण्याऐवजी आणखी काही महिने, बहुधा एक वर्ष, एखाद्या विशेष कौशल्यासाठी काढू लागले. तातडीचे उपचार, वृद्धांची काळजी, पॅलिएटिव्ह केअर, भूल देणं, क्रीडावैद्यक. इमर्जन्सीचं जादा वर्ष तर 1980 च्या दशकापासून आहेच. 2015 पासून कॉलेज या पाच विषयांत 'वाढीव क्षमतेचं प्रमाणपत्र' देऊ लागलं. पुढे व्यसनमुक्ती, शस्त्रक्रियेची आणि प्रसूतिशस्त्रक्रियेची कौशल्यं यांची भर पडली. मग नावापुढे सीसीएफपी ही अक्षरं, आणि त्यांच्या पुढे कंसात आणखी दोन-तीन अक्षरं. आपल्याकडे दवाखान्याच्या पाटीवर पदव्यांची शेपटी वाढत जाते, तसंच.

यावर तिथे जी चर्चा होते ती साधारण दोन बाजूंनी होते. एक बाजू म्हणते, ही तरुण मंडळी कष्टाच्या कामापासून पळतायत, ठरावीक वेळेच्या सुटसुटीत कामाकडे जातायत. दुसरी म्हणते, वैद्यकशास्त्र इतकं वाढलंय की दोन वर्षं पुरतच नाहीत. आम्हाला दोन्ही उत्तरं उथळ वाटतात. आमचं म्हणणं असं आहे की ही वाढीव कौशल्याची भूक प्रशिक्षणाच्या भाषेतूनच जन्माला येते. निवासी डॉक्टरांना ज्या भाषेत स्वतःकडे बघायला शिकवलं, त्या भाषेत ते अगदी तर्कशुद्ध वागतायत.

ही भाषा नीट बघू. इंग्रजीत 'कॉम्पिटन्स' आणि 'कॉम्पिटन्सीज' असे दोन शब्द आहेत. पहिला माणसाबद्दल बोलतो : हा माणूस या कामाला योग्य आहे. दुसरा मोजता येणाऱ्या वस्तूंबद्दल बोलतो : याच्याकडे अमुक इतक्या क्षमता आहेत. मराठीत गंमत बघा, 'क्षमता' या शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच. ती क्षमता, त्या क्षमता. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं कधी येऊन बसलं ते आपल्याला कळतही नाही. आपला जुना शब्द 'अधिकार' जास्त प्रामाणिक होता. 'त्यांचा त्यातला अधिकार मोठा' असं आपण म्हणतो तेव्हा कुणी विचारत नाही की किती अधिकार, मोजून सांगा.

आता हे मान्य केलं पाहिजे की मोजण्याची गरज का पडली. जुन्या पद्धतीत निवासी डॉक्टर ज्या वॉर्डात पडेल ते शिकत असे. कुणाच्या वाट्याला वीस प्रसूती यायच्या, कुणाच्या वाट्याला दोन, आणि दोघांना कागद मात्र एकच मिळायचा. वरिष्ठ म्हणाले 'मुलगा चांगला आहे', झालं. 'त्यांच्या हाताला गुण आहे' हे आपल्याकडचं वाक्य ऐकायला गोड, पण त्याच्या आड किती अज्ञान सुखाने नांदलंय हे आपण जाणतो. हाताला गुण आहे, पण रक्तदाब मोजलाय का? तेव्हा क्षमताधिष्ठित शिक्षणाने रुग्णाच्या बाजूने एक न्याय्य प्रश्न विचारला, आणि तो मागे घेण्याचं काही कारण नाही.

शिवाय कॅनडातली मंडळी भाबडी नव्हती. 2010 च्या सुमारास त्यांनी परीक्षेसाठी जी मूल्यमापनाची उद्दिष्टं लिहिली, त्यांत 99 अग्रक्रमाचे विषय होते. पण विषयांच्या बरोबरीने कौशल्याची सहा अंगंही सांगितली : रुग्णकेंद्री दृष्टी, संवाद, वैद्यकीय विचारपद्धती, व्यावसायिक वर्तन, हाताने करायच्या प्रक्रिया, आणि सहावं अंग फार विलक्षण आहे, त्याला ते 'सिलेक्टिव्हिटी' म्हणतात. म्हणजे सगळ्यांना सगळं न विचारता, या माणसाला या क्षणी काय विचारायचं, कुठे थांबायचं, कुठली तपासणी करायचीच नाही, हे ठरवता येणं. निवडीचा विवेक म्हणू या. आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी हे वाचलं तेव्हा आम्हाला लगेच ॲरिस्टॉटल आठवला. 'निकोमाखियन एथिक्स'च्या सहाव्या भागात तो ज्याला 'फ्रोनेसिस' म्हणतो ते हेच. तिथे त्याचं एक निरीक्षण आहे : तरुण माणूस भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण त्याच्यात व्यवहारविवेक आढळत नाही, कारण हा विवेक विशिष्ट गोष्टींच्या अनुभवातून येतो आणि अनुभवाला काळ लागतो.

काळ लागतो. इथेच सगळी गोम आहे. क्षमताधिष्ठित शिक्षणाची घोषणाच अशी की काळ दुय्यम, फलित मुख्य. शस्त्रक्रियेतल्या एखाद्या टाक्यापुरतं हे खरं असेल. कुणाला दहा वेळात जमेल, कुणाला चाळीस. पण फॅमिली डॉक्टरच्या कामात काळ हे साधन नाही, ते कामाचं द्रव्यच आहे. कणकेशिवाय पोळी कशी लाटणार?

इयन मॅकव्हिनी हे नाव इथे घेतलं पाहिजे. इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्डला प्रॅक्टिस करणारा हा डॉक्टर 1968 मध्ये कॅनडात ओंटारिओतल्या लंडन शहरी गेला आणि वेस्टर्न विद्यापीठात त्या देशातला फॅमिली मेडिसिनचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच्या विचारांचा गाभा असा : बाकीच्या वैद्यकशाखा स्वतःची व्याख्या एखाद्या अवयवावरून, रोगावरून किंवा तंत्रावरून करतात, फॅमिली मेडिसिन ती नात्यावरून करते. रुग्णाला काय झालंय हे कळण्याआधीच तो 'आपला रुग्ण' असतो. हृदयरोगतज्ज्ञाकडे तुम्ही हृदय घेऊन जाता. फॅमिली डॉक्टरकडे तुम्ही नुसतेच जाता, आणि काय घेऊन आलात हे दोघं मिळून शोधता. कॅनडाच्या कॉलेजने 1980 च्या दशकात फॅमिली मेडिसिनची जी चार तत्त्वं मांडली, त्यांत डॉक्टर-रुग्ण नातं केंद्रस्थानी आहे, असं एक स्वतंत्र तत्त्वच आहे.

आता हे नातं दोन वर्षांच्या प्रशिक्षणात किती मिळणार? दवाखान्याचे दिवस, मधे रुग्णालयातल्या पाळ्या, मधे ग्रामीण भागातले महिने. तिसऱ्यांदा आलेली गरोदर बाई, तिचं बाळ, मग तिच्या आईला लागलेलं विसरभोळेपण, हा धागा जुळायला लागतो आणि निवासी डॉक्टर निघून जातो. त्यामुळे प्रशिक्षण संपताना त्याला एक पोकळी जाणवते. 'आपण पुरेसे तयार नाही.' ही जाणीव खोटी नाही; उलट ती त्याच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. आपल्या पायावर उभं राहून कुणाच्या तरी आयुष्याची पंधरा-वीस वर्षं सांभाळायची, याला कोण आधीपासून तयार असतो?

पण या पोकळीचं नाव त्याला कोणत्या भाषेत सांगता येतं? दोन वर्षं त्याने एकच भाषा ऐकलीय : उणीव म्हणजे यादीत न भरलेला रकाना. मग तो रकाना शोधतो. वृद्धांचं आपल्याला नीट जमत नाही, तर त्यात एक वर्ष काढू. मरणाच्या दारातल्या माणसाशी बोलताना जीभ अडखळते, तर पॅलिएटिव्ह केअरचं प्रमाणपत्र घेऊ. आणि या वर्षाने त्याला खरोखर बरं वाटतं, कारण एका मर्यादित क्षेत्रात त्याला हात बसल्याचा अनुभव येतो. पण मूळची पोकळी त्या जातीची नव्हतीच. ती काळाची पोकळी होती, आपण ती विषयाने भरली.

वेळापत्रकाने यात भर घातली आहे. जादा वर्षासाठी अर्ज करायचे ते दुसऱ्या वर्षाच्या पूर्वार्धात. म्हणजे जेमतेम वर्षभराच्या अनुभवावर, स्वतःचे म्हणावेत असे रुग्ण दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा परत यायच्या आत, त्याने ठरवायचं की सर्वसाधारण काम आपल्याला झेपतं की नाही. लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी संसार कसा वाटला असं विचारण्यासारखं आहे हे.

ह्यूबर्ट ड्रायफस हा बर्कलीतला तत्त्वज्ञ आणि त्याचा भाऊ स्टुअर्ट, या दोघांनी 1980 मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी कौशल्य कसं वाढतं याची एक शिडी मांडली. तिला पाच पायऱ्या. पुढे रूढ झालेल्या रूपात त्या अशा : नवशिका, पुढचा नवशिका, सक्षम, प्रवीण आणि निष्णात. वैद्यकीय शिक्षणात या शिडीचा हवाला सारखा दिला जातो. पण सगळ्या चळवळीच्या नावाशी ज्या पायरीचं नाव जुळतं ती 'सक्षम' ही मधली, तिसरी पायरी आहे हे फार कुणी बोलून दाखवत नाही! आणि तिच्यापुढे जाताना होतं काय, तर माणूस नियमांची यादी हळूहळू हातातून सोडतो. गुंतागुंत भरलेला प्रसंग समोर आला की काय महत्त्वाचं ते त्याला दिसतं, शोधावं लागत नाही. म्हणजे वर जायचा रस्ता यादी लांबवण्याचा नाहीच. प्रमाणपत्र मात्र काय करतं? तिसऱ्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला शेजारच्या दुसऱ्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर नेऊन उभं करतं.

इथे कुणी म्हणेल, प्राध्यापक, तुम्ही जादा कौशल्यांच्या विरोधात आहात. अजिबात नाही. कॅनडाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. छोटी गावं, शंभर-दोनशे किलोमीटरवर पुढचं रुग्णालय, आणि हिवाळा. अशा ठिकाणी भूलतज्ज्ञ पूर्णवेळ राहणं परवडत नाही. तिथे गावातलाच एखादा फॅमिली डॉक्टर भूल देतो, दुसरा सिझेरियन करतो, आणि या दोघांच्या जिवावर गावातला प्रसूतिविभाग चालू राहतो. यांतला एक जण गेला की विभाग बंद. मग बाईने प्रसूतीच्या काही आठवडे आधी घर सोडून शहरात जाऊन राहायचं. उत्तरेकडच्या आदिवासी वस्त्यांमधल्या बायकांनी हे पिढ्यान् पिढ्या सोसलंय. तिथे भूल देणं ही सर्वसाधारण कामाचीच एक फांदी आहे. ती डॉक्टरला त्याच्या माणसांपासून तोडत नाही, जास्त बांधते.

तेव्हा आमचा निकष कौशल्यावर नाही, त्याच्या दिशेवर आहे. शिकलेलं कौशल्य आपल्याच रुग्णांकडे आणि शेजारच्या सहकाऱ्यांकडे परत येतं का, की डॉक्टरला तिथून उचलून दुसरीकडे नेतं? कागदावर कॉलेजचंही म्हणणं हेच आहे की या वाढीव क्षमतांनी सर्वसमावेशक सेवेला पूरक व्हावं. पण प्रमाणपत्र ही वस्तू अशी आहे की ती मिळाल्यावर तिचा स्वतःचा बाजार तयार होतो. शहरातल्या रुग्णालयाला इमर्जन्सीची पाळी भरायला माणूस हवाच असतो. तिथे पाळी संपली की काम संपलं. भाड्याची जागा नाही, कर्मचाऱ्यांचे पगार नाहीत, रात्री घरी बसून तपासण्यांचे अहवाल आणि विम्याचे फॉर्म भरणं नाही. आणि प्रमाणपत्राच्या या बाजारात, एकाच कुटुंबाचा वीस वर्षं डॉक्टर राहिलेल्या माणसाला कंसात लावायला एकही अक्षर मिळत नाही.

हे आम्ही कडवटपणे का बोलतोय, तर याची किंमत कुणीतरी मोजतंय. कॅनडात 2022 च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार सुमारे 65 लाख प्रौढांना, म्हणजे दर पाचांत एकाहून अधिक जणांना, नियमित असा फॅमिली डॉक्टर नव्हता. सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा असलेल्या देशात! याला जादा प्रमाणपत्रंच जबाबदार आहेत असं म्हणणं अडाणीपणाचं होईल. डॉक्टरांची निवृत्ती, वाढती वयं, मोबदल्याची पद्धत अशी कारणं पुष्कळ आहेत. पण प्रत्येक दिशेने गळणाऱ्या घागरीला हेही एक छिद्र आहे.

आणि सातत्य म्हणजे केवळ जुन्या काळाची हळहळ नव्हे. नॉर्वेत सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदींवर झालेला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे वर्षभर असलेल्यांशी पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना केली, तर दुसऱ्या गटात मृत्यूची शक्यता सुमारे पाव हिश्श्याने कमी होती, तातडीने रुग्णालयात दाखल होणंही तसंच कमी. नोंदींवरचा अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने सांगितलंच पाहिजे. पण सातत्य जितकं लांबत गेलं तितका हा फरक पायरीपायरीने वाढत गेला, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. असा परिणाम एखाद्या औषधाने दाखवला असता तर त्याच्या जाहिराती आपल्याला झोपू देत्या ना!

कॉलेजनेही या प्रश्नाशी झुंज दिली. 2022 मध्ये त्यांनी सुचवलं की सगळ्यांचंच प्रशिक्षण तीन वर्षांचं करावं, 2027 पर्यंत तिकडे वळावं. वाढलेल्या गरजा, मानसिक आरोग्य, वृद्ध, आदिवासींचं आरोग्य, हे सगळं त्यात नीट बसेल. वरवर पाहता इथे काळाला पुन्हा मान मिळाला असं वाटतं. पण युक्तिवाद पाहिला तर तोच : रकाने वाढले, म्हणून वर्ष वाढवा. सदस्यांनी 2023 च्या वार्षिक सभेत याविरुद्ध मोठ्या संख्येने मत दिलं आणि त्याच वर्षाअखेर बेत मागे घेतला गेला. विरोधकांचा मुख्य मुद्दा व्यवहाराचा होता : आधीच डॉक्टर कमी, त्यात एक वर्ष उशीर. दोन्ही पक्षांनी वर्ष मोजलं. त्या वर्षात कुणाबरोबर राहायचं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

आम्हाला विचाराल तर बदल प्रशिक्षणाच्या शेवटी नको, सीमेच्या पलीकडे हवा. स्वतःच्या प्रॅक्टिसची पहिली दोन-तीन वर्षं नव्या डॉक्टरच्या शेजारच्या खोलीत एक जुना डॉक्टर असावा, त्याच्या वेळेचे पैसे व्यवस्थेने द्यावेत. पॅलिएटिव्ह केअर शिकायची तर ती आपल्याच रुग्णाच्या शेवटच्या आजारात, तज्ज्ञाला फोन करत शिकावी. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने फेब्रुवारी 2023 पासून फॅमिली डॉक्टरांसाठी मोबदल्याची जी नवी पद्धत आणली, तिच्यात रुग्णाला दिलेला वेळ, मागचं कागदकाम आणि रुग्णांची गुंतागुंत या सगळ्यांचे पैसे धरले आहेत. दीर्घकाळच्या नात्याला सरकारी दरपत्रकात जागा मिळाली, ही आमच्या मते अनेक प्रमाणपत्रांहून मोठी गोष्ट आहे.

आपल्यालाही याचा विचार करायला हवा, कारण भारतात 2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झालाय. लॉगबुकं भरली जातायत, सह्या होतायत. आपल्याकडे तर यादीची ओढ जुनीच. साध्या एमबीबीएसला 'नुसता एमबीबीएस' म्हणणारे आपणच.

आता एक प्रश्न आधीच लिहून आलाय तो घेऊ. एका बाईंनी विचारलंय : त्यांची मुलगी ओंटारिओत फॅमिली मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला पॅलिएटिव्ह केअरचं जादा वर्ष करायचंय, तिने करावं का? ताई, आपल्या मुलीचा निर्णय तिचाच आहे. पण तिला एवढं विचारून बघा की वर्ष संपल्यावर ती कुठे बसणार आहे. रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह विभागात, की एखाद्या दवाखान्यात, जिथे आज पन्नाशीत असलेली माणसं तिच्याकडे येतील आणि तिच्यासमोरच म्हातारी होतील? दोन्ही कामं मोलाची आहेत. दुसरं उत्तर असेल तर आणखी एक विचारा : त्या दवाखान्यात तिच्या आधी कोण बसतंय, आणि ते तिला पहिली दोन वर्षं शेजारी बसू देतील का?